दिवाणखान्यातलं चौघांचं संगीत: येण्याआधी आणि ऐकून गेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या घरी थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या दोन-तीन बैठका होतात. मुंबई-पुण्याकडून, कधी गोव्याहून वादक येतात. आदल्या दिवशी सोफा मागच्या खोलीत जातो, सतरंज्या निघतात आणि चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसतात. फोनवर, फाटकाशी, चहाचा कप हातात असताना लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांवर मी स्वतःच अनेक वर्षं विचार करते आहे.

चेंबर म्युझिक म्हणजे नेमकं काय?

चेंबर म्हणजे दालन. खोलीत बसून वाजवायचं आणि खोलीतच ऐकायचं हे संगीत. वादक दोनापासून आठ-नऊपर्यंत, प्रत्येकाची ओळ वेगळी, आणि पुढे उभा राहून हातवारे करणारा कंडक्टर नाही. ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनची एकच ओळ दहा-बारा जण मिळून वाजवतात, त्यामुळे एखाद्याचा स्वर घसरला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे आपली ओळ ज्यानं त्यानं एकट्यानं निभावायची.

यातला सगळ्यांत रुळलेला प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्याला आकार दिला तो ऑस्ट्रियाच्या योझेफ हायडननं (१७३२–१८०९). त्याच्या नावावर अशा साठाहून जास्त रचना आहेत. मोझार्टनं १७८५ साली आपले सहा क्वार्टेट छापले ते हायडनला अर्पण करून. बीथोव्हेननं सोळा लिहिले, विसाव्या शतकात बार्टोकनं सहा आणि शोस्ताकोविचनं पंधरा. सुरुवातीला हे संगीत घरांमधून आणि सरदार-उमरावांच्या दालनांमधून वाजायचं, आणि पुष्कळदा घरचीच माणसं आपल्या आनंदासाठी वाजवायला बसायची. आपल्याकडे वाड्यांतून जशी गाण्याची बैठक होई, तशातलीच ही गोष्ट.

आमच्या पहिल्या बैठकीला शेजारच्या काकू आल्या होत्या. अर्धा तास एकटक बघत बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "काय वाजवून राह्यले वो हे लोक! चौघं एकाच वेळी बोलून राह्यले, अन् तरी कोणी कोणाचं तोडत नाही." आता नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी काकूंचं हे वाक्य सांगते. ऐकायचं कसं, ते त्यात आलं.

मला यातलं काहीच कळत नाही. येऊ का?

या. निःसंकोच या.

मी ख्याल ऐकत आलो आहे. इथे तंबोरा नाही, तबला नाही, सम नाही. मग काय धरून ऐकायचं?

हा प्रश्न नागपुरात हमखास येतो आणि तो फार चांगला प्रश्न आहे, कारण विचारणाऱ्याचा कान तयार असतो.

आधी षड्जाचं बघू. आपल्याकडे तंबोरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत षड्ज हलत नाही. सगळा राग त्या एका स्वराशी नातं सांगत उभा राहतो. क्वार्टेटमध्ये षड्ज स्वतःच प्रवासाला निघतो. रचना एका षड्जावर सुरू होते, दोन-तीन मिनिटांत त्याच्या पंचमालाच षड्ज मानून तिथे मुक्काम करते, मग आणखी लांब जाते, कधी अशा ठिकाणी की घर कुठे होतं तेच आठवू नये, आणि शेवटी मूळ षड्जावर परत येते. मूर्च्छना करताना गवय्या क्षणभर दुसऱ्या स्वराला षड्ज करतो आणि खोलीतली हवा बदलते, तो अनुभव आठवा. इथे तसं सतत होत असतं. पहिल्यांदा ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटेल. तसं वाटलं तर तुम्ही बरोबर ऐकता आहात.

मग मुखड्याचं. ख्यालात मुखडा दर आवर्तनाला भेटतो. इथे सुरुवातीची चाल एकदा सांगून झाली की तिचे तुकडे केले जातात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातात, आणि ती अख्खी पुन्हा भेटायला पाच-सहा मिनिटं लागतात. म्हणून पहिली चाल नीट लक्षात ठेवा, हवं तर मनात गुणगुणा. ती परत येते तेव्हा मिळणारं समाधान समेवर येण्यासारखंच असतं, फक्त वाट लांब असते.

तालाचं आवर्तन नसलं तरी मात्रांचे गट असतात. हायडनच्या मिनुएटमध्ये, म्हणजे जुन्या नाचाच्या चालीवरच्या भागात, तीन-तीन मात्रांचा डौल सहज पकडता येतो. आणि तबल्याचं काम कोण करतं, म्हणाल तर श्वास. पुढच्या ओळीत बसलात तर सुरुवात करण्याआधी पहिला व्हायोलिनवादक नाकानं घेतो तो छोटासा श्वास ऐकू येतो. त्या श्वासाची लांबी हीच पुढची लय.

आता एक गोष्ट, जी आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळावी. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार तुम्ही ऐकला असेल, स्वयंभू गंधार म्हणतो तो. पेटीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो, अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. व्हायोलिन-चेलोला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. चौघं मिळून जेव्हा षड्ज-गंधार-पंचम लांबवर धरतात, तेव्हा ज्याच्या वाट्याला गंधार आलेला असतो तो बोट केसभर मागे घेऊन त्याला त्या स्वयंभू जागी बसवतो. बसला की चौघांचा मिळून एकच, जमिनीतून आल्यासारखा आवाज होतो. पेटीऐवजी तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला ही जागा लगेच ओळखू येते. मला तर आधी तीच ओळखू आली, बाकी सगळं नंतर.

सगळं लिहिलेलंच असेल तर दर वेळी तेच वाजणार. मग त्यात काय ऐकायचं?

खरं आहे, उपज इथे नाही. एकही स्वर मनाचा घालायचा नाही. पण कागदावर स्वर असतो. त्याचं वजन, त्याआधीची थांब, गज घोडीजवळून ओढायचा की लांबून, हे त्या संध्याकाळचं असतं. एकच रचना मी एकाच क्वार्टेटकडून लागोपाठच्या दोन दिवशी ऐकली आहे, एकदा आमच्याकडे आणि एकदा दुसऱ्या एका घरी. दुसऱ्या दिवशी चेलोवादकानं एका ठिकाणी अर्धा क्षण जास्त थांबून पुढचा स्वर दिला. बाकीच्या तिघांना ते ठाऊक नव्हतं. पण ते त्याच्याबरोबर थांबले. हे ऐकायचं.

चार वाद्यं वेगळी कशी ओळखू?

डोळ्यांनी सोपं आहे. डावीकडून पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, मग व्हायोला आणि चेलो. शेवटच्या दोघांची जागा कधी उलटी असते. व्हायोला दिसायला व्हायोलिनसारखीच पण अंगानं मोठी, आणि पंचमभर खाली लागते. चेलो व्हायोलाच्याही एक सप्तक खाली, पायांत धरून, टोकाची लोखंडी कांडी जमिनीवर टेकवून वाजवतात.

त्या कांडीची एक गोष्ट सांगते. आमच्या दिवाणखान्यात गुळगुळीत टाइल्स आहेत. पहिल्या वर्षी तालमीला चेलोची कांडी घसरत घसरत पुढे जायला लागली. सतरंजीची घडी ठेवून पाहिली, तीही सरकली. शेवटी सासूबाई आतून जेवणाचा सागवानी पाट घेऊन आल्या. वादकानं आपल्या खुर्चीचा एक पाय सुतळीनं पाटाच्या पायाला बांधला आणि कांडी पाटात रोवली. वाजवायला लागल्यावर चेलोचा आवाज एकदम भरला, कारण कांडीतून उतरणारी थरथर आता लाकडात जात होती. पाटावर आता सहा-सात बारीक भोकं आहेत. सासूबाई तो जेवायला घेऊ देत नाहीत, बैठकीसाठी कापडात गुंडाळून ठेवतात.

कानांनी ओळखायचं तर एक युक्ती: एका अख्ख्या भागात फक्त दुसऱ्या व्हायोलिनकडे लक्ष द्या. सगळे पहिल्या व्हायोलिनच्या मागे जातात, आणि मधली दोघं काय करताहेत ते निसटतं. चालीला गडदपणा येतो तो बहुतेक वेळा मधून येतो.

टाळ्या केव्हा वाजवायच्या? मधे "वाहवा" निघालं तर?

एका रचनेचे सहसा चार भाग असतात. भागांच्या मधे शांतता ठेवायची आणि चौथा संपल्यावर, वादकांनी गज खाली घेतले की, मनसोक्त वाजवायच्या.

ही शिस्त मात्र पुढे आलेली आहे. मोझार्टच्या काळी लोक मधेच दाद देत. १७७८ च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो आनंदानं सांगतो की, त्याच्या सिंफनीतली, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या मोठ्या रचनेतली, एक जागा लोकांना आवडणार हे त्याला माहीत होतं, आणि ती आल्याबरोबर टाळ्या पडल्या. म्हणजे दाद देणारा श्रोता त्यांच्याकडेही होता. नंतर संगीतातल्या शांततेच्या जागा वाढल्या आणि लोक गप्प बसायला शिकले.

हायडनची ओपस ३३ मधली दुसरी रचना (१७८१; ओपस म्हणजे छापलेल्या कृतीचा क्रमांक) आम्ही मुद्दाम नव्या श्रोत्यांसाठी ठेवतो. तिचं टोपणनावच 'विनोद'. शेवटच्या भागात चाल चार तुकड्यांत तोडलेली आहे आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांब. वाटतं संपलं. मग आणखी लांब थांब, आणि नंतर अगदी हळू पहिला तुकडा पुन्हा, जणू आता नव्यानं सुरू होणार. आणि तिथेच संपतं. त्यात कोणाच्याही टाळ्या आधी पडतात, आणि हायडनला ते हवंच होतं.

"वाहवा" तोंडातून निघालंच तर कोणी रागावणार नाही. पण हळू जागेवर ती बाकीच्यांची ऐकायची जागा खाते, म्हणून मान हलवा. वादकांना ती दिसते. इथल्या लोकांची हलणारी मान बघून वाजवायला बळ येतं, असं मला एकाहून जास्त वादकांनी सांगितलं आहे.

माइक का लावत नाही? मागे बसलेल्यांना ऐकू येतं का?

येतं. शेवटच्या भिंतीपाशी मी स्वतः बसून बघितलं आहे.

याबाबत मी थोडी हट्टी आहे, त्याचं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या सभागृहात क्वार्टेट ऐकायला गेले होते. प्रत्येक वाद्यापुढे माइक होता आणि आवाज दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येत होता. डोळ्यांना व्हायोला उजवीकडे दिसत होती आणि कानाला सगळं एकाच ठिकाणाहून येत होतं. हळू वाजवलेलंही मोठं ऐकू येत होतं. चौघांचं बोलणं एका घोषणेत बदलून गेलं. घरी येताना मला रडू आलं, कारण सोबत नेलेल्या मैत्रिणीनं हे संगीत पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ती म्हणाली, "छान होतं, पण माझ्यासाठी नाही."

माइक नसला की खोलीतला प्रत्येक आवाज मैफलीत सामील होतो. त्यामुळे फ्रिज बंद, पंखे बंद (नाहीतर पानं उडतात, तरीही आम्ही स्टँडला कपड्यांचे चिमटे लावतो), आणि कूलरचे दिवस टाळायचे. नागपूरच्या मेमध्ये कूलरशिवाय चाळीस माणसं एका खोलीत बसू शकत नाहीत, आणि कूलर चालू असताना क्वार्टेट ऐकता येत नाही. म्हणून बैठका थंडीतच.

आणखी एक शत्रू आम्हाला उशिरा सापडला. चेलोची खालून दुसरी तार मोकळी वाजली की तिच्यात सेकंदाला दोनदा हेलकावा यायचा. वादकानं खुंट्या पिळून पाहिल्या, तार बदलली. शेवटी कोणीतरी दिवा बंद केला आणि हेलकावा गेला. जुन्या ट्यूबलाईटचा चोक. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चोक गुणगुणतो तो १०० हर्ट्झवर, आणि चेलोची ती तार लागते ९८ हर्ट्झला. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा जवळ आल्या पण जुळल्या नाहीत की जो 'वाँव-वाँव' ऐकू येतो, तोच हा प्रकार. तेव्हापासून बैठकीच्या दिवशी कोपऱ्यांत साधे पिवळे दिवे लावतो. अंधार वाटतो अशी तक्रार येते. कृपया समजून घ्या.

वाद्यं पुन्हा पुन्हा का लावतात?

लाकूड, सरस आणि आपली कोरडी थंडी. मुंबईच्या दमट हवेतून आलेलं व्हायोलिन इथल्या डिसेंबरात आकसतं, खुंट्या सैल होऊन सरकतात. वादक शक्यतो आदल्या दिवशी येतात आणि वाद्यांच्या पेट्यांत ओलसर स्पंजाच्या नळ्या ठेवतात. तरीही दोन भागांच्या मधे तारा लावाव्या लागतात. तेवढ्यात बोलणं सुरू करू नका, ते ऐकतच लावत असतात.

आधी यूट्यूबवर ऐकून यावं का?

एकदा, काम करता करता ऐकलंत तर चाल ओळखीची होते. दहादा ऐकून येऊ नका. मग मनात त्या रेकॉर्डिंगशी तुलना चालू राहते.

लहान मुलांना आणू का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं छान ऐकतात. त्यांना चेलोसमोर बसवा. त्याहून लहान असेल तर दाराजवळ बसा आणि गरज पडली तर अंगणात घेऊन जा, त्यात संकोच नको.

कपडे, वेळ, गाडी?

कपडे रोजचे. सळसळणारी रेशमी साडी आणि खुळखुळणाऱ्या बांगड्या टाळल्या तर उपकार होतील. सहाला दार उघडतं, साडेसहाला वाजवायला सुरुवात होते आणि पहिला भाग संपेपर्यंत उशिरा आलेल्यांना व्हरांड्यात थांबावं लागतं. हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीकडचे रस्ते अडवलेले असतात. त्या आठवड्यात मेट्रोनं आलेलं बरं. गल्लीत चारचाकीला जागा नाही.

तिकीट आहे का?

नाही. निघताना दाराशी पितळी डबा असतो, त्यात जे जमेल ते. ते सगळं वादकांना जातं.

फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल?

नको. वादकांच्या परवानगीचा प्रश्न आहेच. शिवाय फोन वर धरला की मागच्याला फक्त उजळ पडदा दिसतो. आणि मला वाटतं, रेकॉर्ड होतं आहे म्हटल्यावर आपण नंतरवर सोडून देतो आणि त्या वेळी कमी ऐकतो.

झोप लागली तर?

दिवसभर काम करून आलेला माणूस संथ भागात पेंगतो. झोपा. घोरणाऱ्याला शेजारच्यानं हळूच हात लावावा एवढंच.

मागच्या डिसेंबरात मधला संथ भाग संपल्यावर कोणीच हललं नाही. ते काय होतं?

ती बीथोव्हेनची ओपस १३२. याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

१८२५ च्या एप्रिलमध्ये बीथोव्हेन आतड्याच्या दुखण्यानं आजारी पडला. कान तर पूर्ण गेलेलेच होते. मे महिन्यात बरा होऊ लागल्यावर हातात असलेल्या क्वार्टेटच्या मध्यभागी त्यानं एक नवा भाग घातला आणि त्यावर जर्मनमध्ये लिहिलं, त्याचा अर्थ असा: दुखण्यातून उठलेल्या माणसानं देवाला वाहिलेलं पवित्र कृतज्ञतागीत, लिडियन स्वरांमध्ये. त्याच सप्टेंबरात व्हिएन्नाच्या एका खानावळीत मोजक्या लोकांपुढे हा क्वार्टेट वाजला आणि नोव्हेंबरात जाहीरपणे.

लिडियन म्हणजे काय, ते पेटीवर बघा. पांढरी चार हा षड्ज धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. मध्यम तीव्र येतो. हा आपला कल्याण थाट. म्हणून त्या भागाच्या सुरुवातीला आपल्या लोकांना ओळखीचं काहीतरी जवळून गेल्यासारखं होतं. पण तो यमन नाही, यमनाचं चलन त्यात शोधू नका. पाच ओळींचं एक भजन, इतकं संथ की एकेक स्वर चौघं मिळून उचलून ठेवताहेत असं वाटावं. दोन ओळींच्या मधे छोटे छोटे आलाप, एकानं सुरू केलेले आणि दुसऱ्यानं धरलेले. मग अचानक तीन मात्रांचा, उड्या घेणारा तुकडा येतो. तिथे त्यानं लिहिलं आहे, "नवी शक्ती जाणवते आहे." पुन्हा भजन, पुन्हा शक्ती, पुन्हा भजन. दर वेळी भजन परतताना त्याच्याभोवतीचे आवाज जास्त मोकळे होतात. शेवटच्या वेळी त्यानं सूचना केली आहे: अगदी आतल्या भावनेनं. एकूण पंधरा ते वीस मिनिटं.

त्या दिवशी काय झालं ते जे आले नव्हते त्यांच्यासाठी सांगते. दुसरा भाग संपत आला तेव्हा गल्लीच्या तोंडाशी वरात आली. बँड, फटाके, सगळं. लग्नसराईच्या दिवसांत हे होणारच, त्यात कोणाची चूक नव्हती. वादकांनी दुसरा भाग पूर्ण केला आणि गज मांडीवर ठेवून बसले. आपणही बसलो. सहा-सात मिनिटं वरात घरासमोरून जात होती. पिवळ्या दिव्यात चाळीस माणसं आणि चार वादक, कोणी कोणाशी बोललं नाही. बँड लांब गेला, कुत्र्यांचं भुंकणं थांबलं, आणि त्या शांततेतून पहिल्या व्हायोलिननं पहिला स्वर काढला. एवढा वेळ थांबून आल्यामुळे तो स्वर किती हळू आहे हे प्रत्येकाला कळलं. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, जे महिनाभर दवाखान्यात काढून त्याच आठवड्यात घरी आले होते. त्यांना या रचनेची गोष्ट माहीत नव्हती, मी आधी सांगितलीही नव्हती. भाग संपला तेव्हा ते दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून बसले होते.

म्हणून कोणी हललं नाही.

घरी गेल्यावर काय करायचं? तुम्ही वहीबद्दल बोलता ते काय?

त्याच रात्री, झोपण्याआधी, दहा ओळी लिहायच्या. काहीही शोधायच्या आधी. एकदा रचनेविषयी वाचलं की दुसऱ्याचे शब्द डोक्यात बसतात आणि आपण काय ऐकलं ते पुसलं जातं. माहिती दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा.

आमच्या वहीत 'अप्रतिम', 'सुंदर', 'मंत्रमुग्ध' हे शब्द लिहायचे नाहीत, एवढा एकच नियम आहे. हे शब्द लिहिले की पुढे काही लिहावंसं वाटत नाही. त्याऐवजी कुठे लक्ष गेलं, कुठे मन भरकटलं, भरकटून कुठे गेलं आणि कोणत्या आवाजानं परत आणलं, ते लिहा. मन भरकटणं हा ऐकण्याचाच भाग आहे, त्याची लाज वाटू देऊ नका.

दोन नोंदी लिहिणाऱ्यांच्या परवानगीनं देते. एक निवृत्त रेल्वे गार्ड लिहितात: "दुसऱ्या व्हायोलिनवाल्यानं सबंध वेळ पहिल्याकडे बघितलं. पहिल्यानं त्याच्याकडे दोनदाच बघितलं, दोन्ही वेळा हळू व्हायच्या आधी." सिग्नल आणि झेंडी यांत आयुष्य गेलेल्या माणसानं हे टिपलं, आणि मला दहा वर्षांत दिसलं नव्हतं. नववीतली एक मुलगी लिहिते: "चेलो थांबला तेव्हा वरचं सगळं लटकल्यासारखं झालं, आपल्या गच्चीवरच्या पतंगासारखं, मांजा कोणाच्या हातात आहे ते दिसत नसताना." तिनं जे ऐकलं ते सांगायला जाणकार दोन पानं घेतील.

माझ्या स्वतःच्या वहीत याच ओपस १३२ च्या दोन नोंदी आहेत, चार वर्षांच्या अंतरानं. पहिलीत मी सबंध पान 'शक्ती'च्या तुकड्यांवर लिहिलं आहे. दुसरीत त्यांचा उल्लेखही नाही, भजनाच्या दोन ओळींमधल्या आलापांवर लिहिलं आहे. मधल्या काळात वडील गेले. वही नसती तर मला वाटलं असतं की ही रचना मी नेहमी एकसारखीच ऐकत आले.

मी चुकीचं लिहिलं तर? व्हायोलाला व्हायोलिन समजलो तर?

समजा. नावं नंतर दुरुस्त होतात. एका काकांनी लिहिलं होतं, "तिसऱ्या माणसाचा आवाज सर्दी झालेल्या बाईसारखा पण प्रेमळ." त्यांना व्हायोला हा शब्द ठाऊक नव्हता. आता ठाऊक आहे, आणि त्यांचं वर्णन अजून बरोबरच आहे.

नागपुरात असं आणखी कुठे ऐकायला मिळेल?

क्वार्टेट क्वचितच. पण कान तयार करायला शहरात पुष्कळ आहे. सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा वसंतरावांच्या स्मृतीचा संगीत समारोह होतो, तो चुकवू नका. वसंतराव (१९२०–१९८३) इथेच वाढले आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे इथेच शिकले. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहासारख्या लहान जागी होणारी वादनं मला जास्त जवळची वाटतात. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह भव्य आहे, पण दोन हजारांच्या आसपास खुर्च्यांच्या जागेत चार वाद्यं हरवतील. डिसेंबरात सदरकडच्या एखाद्या चर्चमध्ये नाताळची गाणी चार आवाजांत ऐकायला मिळाली तर जरूर जा: वरचा आवाज सोडून खालचा धरायचा सराव तिथे फार चांगला होतो. आणि मुंबईला जाणं झालं तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा कार्यक्रम बघून दुरांतोचं तिकीट काढा. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथलाच, आणि तिथे छोट्या वादकसमूहांच्या मैफलीही होतात.

येताना काय आणू?

शाल, कारण पंखे बंद असले तरी दारं उघडी असतात आणि आठनंतर गारठा येतो. वही. आणि पेन्सिल आणा, पेन नको: संथ भागात बटणाच्या पेनचा खटका शेवटच्या भिंतीपर्यंत जातो.